शीर्षप्रहेलिकेचा ताळा

प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमापना करताना त्या संख्येची फोड ओळीने म्हटली जाते. पृथ्वी, अप, तेज आणि वायू या चार कायांचे प्रत्येकी सात लाख, प्रत्येक वनस्पतीचे दहा लाख, साधारण वनस्पतीचे चौदा लाख, दोन, तीन व चार इंद्रियांच्या जीवांचे प्रत्येकी दोन लाख, देव, नारकी आणि तिर्यंच पंचेंद्रिय यांचे प्रत्येकी चार लाख आणि मनुष्याचे चौदा लाख. बीड, गेवराई, माजलगाव किंवा आष्टीच्या पेढीवर बसणाऱ्या कोणाही श्रावकाने ही रक्कम कागदावर मांडली, तर २८, २४, ६, १२ आणि १४ मिळून बेरीज बरोबर ८४ येते. नित्याच्या पाठात बसलेली ही संख्या आगमांच्या कालगणनेत एका फार मोठ्या गुणाकाराचा पाया आहे. त्या गुणाकाराच्या शेवटी जी संख्या उभी राहते, तिचे नाव शीर्षप्रहेलिका.

तिचे अंक १९४ आहेत. पहिले ५४ अंक आणि त्यांच्यापुढे १४० शून्ये. एवढी संख्या कोणी मोजून पाहिलेली नाही, पाहणे शक्यही नाही. ती ताडपत्रावरून ताडपत्रावर, पोथीवरून पोथीवर आणि पुढे छापील ग्रंथात हाताने उतरवली गेली. शेकडो वर्षांच्या या नकलांत एक अंक जरी इकडचा तिकडे झाला असेल, तरी वाचणाऱ्याला त्याचा पत्ता कसा लागणार, हा प्रश्न हिशेबी माणसाच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर जुन्या वहीखात्याच्या शिस्तीतच आहे.

अठ्ठावीस पायऱ्या

अनुयोगद्वार सूत्रात कालगणनेची चढण दिलेली आहे. चौऱ्याऐंशी लाख वर्षांचे एक पूर्वांग. चौऱ्याऐंशी लाख पूर्वांगांचे एक पूर्व. पुढे प्रत्येक पायरीवर मागच्या मापाला पुन्हा चौऱ्याऐंशी लाखांनी गुणायचे. त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड, अववांग, अवव, हुहुकांग, हुहुक, उत्पलांग, उत्पल, पद्मांग, पद्म, नलिनांग, नलिन, अर्थनिपूरांग, अर्थनिपूर, अयुतांग, अयुत, नयुतांग, नयुत, प्रयुतांग, प्रयुत, चूलिकांग, चूलिका आणि शेवटी शीर्षप्रहेलिकांग व शीर्षप्रहेलिका. चौदा जोड्या, म्हणजे अठ्ठावीस पायऱ्या.

दुसऱ्याच पायरीवर संख्या सामान्य व्यवहाराच्या पलीकडे जाते. ८४ चा वर्ग ७०५६, त्यापुढे दहा शून्ये; म्हणजे एक पूर्व ७०,५६,००० कोटी वर्षांचे. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य परंपरेने ८४ लाख पूर्व सांगितले आहे. ते या चढणीत मांडले तर तिसरी पायरी, म्हणजे नेमके एक त्रुटितांग येते: ५९२७०४ आणि त्यापुढे १५ शून्ये.

शेवटच्या पायरीपर्यंत ८४ लाख ही संख्या अठ्ठावीस वेळा गुणली जाते. प्रत्येक ८४ लाखात पाच शून्ये असल्यामुळे अठ्ठावीस पंचे १४० शून्ये आपोआप मिळतात. उरतो तो केवळ ८४ चा अठ्ठाविसावा घात. टीकाग्रंथांच्या परंपरेने चालत आलेले त्याचे ५४ अंक, सोयीसाठी सहा-सहांच्या गटांत, असे आहेत:

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

हा गुणाकार करायला सत्तावीस वेळा गुणावे लागते असे नाही. ८४ चा वर्ग काढावा, त्याला ८४ ने गुणून तिसरा घात मिळवावा, त्याचा वर्ग करून सहावा, पुन्हा ८४ ने गुणून सातवा, मग वर्ग करून चौदावा आणि पुन्हा वर्ग करून अठ्ठाविसावा. सहा गुणाकारांत काम संपते. वर्ग करीत वर चढण्याची ही युक्ती भारतीय गणितात फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात दोनचे मोठे घात काढताना तीच वापरलेली दिसते.

तीन ताळे

जुन्या पेढीवर मोठ्या गुणाकाराची खातरजमा नवाच्या ताळ्याने होत असे. संख्येतील अंकांची बेरीज करायची, ती एक अंकी होईपर्यंत पुन्हा करायची आणि दोन्ही बाजूंचा ताळा जुळतो का ते पाहायचे. ८४ मधील अंकांची बेरीज १२, तिची ३. तीन त्रिक नऊ. म्हणून दुसऱ्या घातापासून पुढे प्रत्येक वेळी ताळा नऊच आला पाहिजे. आता वरच्या ५४ अंकांची बेरीज करावी. ती २५२ येते. २, ५ आणि २ मिळून नऊ. पहिला ताळा जमला. २५२ म्हणजे ८४ ची तिप्पट, हा मात्र निव्वळ योगायोग समजावा.

नवाच्या ताळ्याची मर्यादा व्यापारी घरांना चांगली ठाऊक असते. ७,८५६ ऐवजी ७,५८६ लिहिले गेले, तर अंक तेच राहतात, बेरीज तीच राहते आणि ताळा गप्प बसतो. रोजमेळ आणि खतावणी यांत पडलेल्या फरकाला नवाने भाग जात असेल, तर प्रथम उलटापालट झालेले अंक शोधावेत, हा मुनिमांचा नियम यातूनच आला. वरच्या उदाहरणात फरक २७० चा, म्हणजे नवाची तीसपट. पोथी उतरवणाऱ्याच्या हातूनही सर्वांत सहज होणारी चूक हीच असते. म्हणून ५४ अंकांना केवळ नवाचा ताळा पुरेसा नाही.

दुसरा ताळा अकराचा. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक घेऊन बेरीज करायची. उरलेल्या अंकांची वेगळी बेरीज करायची आणि पहिल्या बेरजेतून दुसरी वजा करायची. येथे बेरजा ११४ आणि १३८ येतात. वजाबाकी उणे २४. तीत ३३ मिळवले की ९ उरतात. मूळ संख्येकडून काय यायला हवे? ८४ ला अकराने भागल्यावर ७ उरतात. सातचे घात करीत गेल्यास अकराच्या भागाकारातील बाक्या ७, ५, २, ३, १०, ४, ६, ९, ८, १ अशा येतात आणि दहा पायऱ्यांनी पुन्हा तेच चक्र सुरू होते. अठ्ठाविसावी पायरी म्हणजे तिसऱ्या चक्रातील आठवी. तेथे ९ आहे. दोन्हीकडे ९ आल्यामुळे दुसरा ताळाही जमला. शेजारचे दोन भिन्न अंक जागा बदलले, तर अकराचा ताळा ते हमखास पकडतो.

एक फट तरीही राहते. एक अंक सोडून पलीकडचा अंक जागा बदलला, तर संख्येत पडणारा फरक ९९ च्या पटीत असतो आणि नऊ व अकरा हे दोन्ही ताळे फसतात. त्यासाठी तिसरा ताळा घ्यावा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे अठरा गट पाडावेत आणि एकाआड एक गटांच्या दोन बेरजा कराव्यात. येथे त्या ४,२७३ आणि ३,६९२ येतात. वजाबाकी ५८१. आता ८४ ला सातने भाग जातो, तेव्हा ५८१ लाही गेला पाहिजे. सात त्र्याऐंशी ५८१, म्हणजे भाग जातो. याच ५८१ ला अकराने भागले तर बाकी ९ उरते, म्हणजे मघाच्या ताळ्याला दुजोरा मिळतो. तेराने भागले तरी बाकी ९ उरते आणि ८४ च्या अठ्ठाविसाव्या घातालाही तेराने भागल्यावर तेवढीच बाकी येते. एका वजाबाकीतून सात, अकरा आणि तेरा असे तीन साक्षीदार मिळतात, कारण या तिघांचा गुणाकार १००१ आहे.

आज संगणकाला हा गुणाकार सांगितला, तर क्षणात हेच ५४ अंक समोर येतात. शतकानुशतके हातांनी उतरवलेल्या संख्येत एकाही अंकाचा फरक नाही. ज्या संख्येचा कोणत्याही सौद्यात कधी उपयोग होणार नव्हता, ती लिहिताना लेखकांनी रोकड मोजताना ठेवावी तेवढी दक्षता ठेवली.

संख्येची अंतर्रचना

शीर्षप्रहेलिकेची आणखी ओळख तिच्या अवयवांवरून पटते. ८४ लाखाचे मूळ अवयव केवळ चार: २, ३, ५ आणि ७. त्यांत दोन सात वेळा, तीन एकदा, पाच पाच वेळा आणि सात एकदा येतो. अठ्ठावीस पायऱ्यांनंतर दोन १९६ वेळा, तीन २८ वेळा, पाच १४० वेळा आणि सात २८ वेळा येतात. एवढ्या अवाढव्य संख्येत पाचवा मूळ अवयव नाही. अकरा, तेरा किंवा सतरा माणसांत ती समान वाटता येणार नाही. बारा, चौदा किंवा पस्तीस जणांत मात्र तिची वाटणी निःशेष होईल.

तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या किती, हेही काढता येते. प्रत्येक अवयव जितक्या वेळा आला आहे त्यात एक मिळवून गुणाकार करायचा: १९७, २९, १४१ आणि २९. उत्तर येते २,३३,६०,४५७. ही संख्या विषम आहे. विषम संख्येने भाजक असणे हे पूर्ण वर्गाचे लक्षण होय. शीर्षप्रहेलिका ही चौदाव्या पायरीवरील पद्म या मापाच्या संख्येचा वर्गच आहे. चौथ्या पायरीच्या संख्येचा सातवा घात घेतला किंवा सातव्या पायरीच्या संख्येचा चौथा घात घेतला, तरी हीच संख्या मिळते.

आधुनिक जगात एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येला गुगोल म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड कॅस्नर यांच्या लहानग्या भाच्याने सुचवलेले हे नाव १९४० च्या एका पुस्तकातून जगभर पसरले. शीर्षप्रहेलिकेच्या अंगी १४० शून्ये असल्यामुळे गुगोल तिला निःशेष भागतो आणि वर ९४ अंकांची संख्या शिल्लक राहते.

अर्धच्छेद

आगमांत मोठ्या संख्येची ओळख सांगण्याची आणखी एक रीत आहे. गर्भज मनुष्यांची किमान संख्या सांगताना अनुयोगद्वारात ती एकोणतीस स्थानांची म्हटली आहे. तिची खूण अशी, की पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणले असता ती मिळते आणि ती शहाण्णव वेळा निम्मी करता येते. दोनचा वर्ग चार, चारचा सोळा, पुढे २५६, मग ६५,५३६. पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. यांचा गुणाकार ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. अंक मोजावेत, एकोणतीस भरतात. ही संख्या म्हणजे दोनचा शहाण्णवावा घात. निम्मी करीत गेल्यास शहाण्णवाव्या वेळी एक उरतो. सांगितलेल्या तिन्ही खुणा एकमेकींशी जुळतात. संख्या देताना तिच्यासोबत तिचा ताळाही देण्याची ही पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे.

एखादी राशी किती वेळा निम्मी होते, या मापाला आचार्य वीरसेनांनी धवला टीकेत अर्धच्छेद म्हटले आहे. तीनने भागण्याच्या मापाला त्रिकच्छेद आणि चारने भागण्याच्या मापाला चतुर्थच्छेद. आजच्या शाळेत लॉगॅरिदम म्हणून शिकवली जाते तीच ही कल्पना. याच दृष्टीने शीर्षप्रहेलिकेकडे पाहिले, तर ती पूर्णांक राहून १९६ वेळा निम्मी होते आणि २८ वेळा तिचे तीन समान भाग करता येतात. नवव्या शतकाच्या आरंभीची ही टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपली गेली. डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावती येथून १९३९ पासून ती संपादून प्रकाशात आणली आणि तिच्यातील गणित अभ्यासकांना खुले झाले.

बीड परिसराशी नाते

हे सारे गणित मराठवाड्याला परके नाही. नवव्या शतकात आजचा बीड जिल्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला. त्यात स्थानांची चोवीस नावे आहेत: एक, दश, शत येथून सुरू होऊन अर्बुद, खर्व, पद्म, क्षोणी, शंख, क्षिती यांवरून महाक्षोभापर्यंत. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत ही यादी परार्धापर्यंत, म्हणजे अठरा स्थानांपर्यंत आहे. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे बीडच, असे मानणारा एक मतप्रवाह आहे. इतर अभ्यासक ते गाव अन्यत्र दाखवतात.

महावीराचार्यांना गुणाकारांतून माळा गुंफण्याची हौस होती. दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येईल असे उत्तर देणारे गुणाकार त्यांनी दिले. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एके ओळीने उभे राहतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. या शेवटच्या माळेतील दोरा शोधला, तर ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि उत्तर सहा एक्यांच्या ११११११ या संख्येचा वर्ग आहे. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढली.

अनुयोगद्वार सूत्र या भागातील घरांपर्यंत पोहोचले ते मात्र दुसऱ्या वाटेने. स्थानकवासी परंपरेतील आचार्य अमोलकऋषीजी महाराज यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला आणि हैदराबादच्या लाला सुखदेव सहाय ज्वालाप्रसाद यांच्या दातृत्वातून तो छापला गेला. त्या काळी बीड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. आष्टी तालुक्यातील कडा येथे श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ ही शिक्षणसंस्था आहे. तिचे नाव वाचताना स्थानकवासी वाचकाला त्या महान अनुवादकाची आठवण आल्यावाचून राहत नाही. प्राकृत न जाणणाऱ्या व्यापाऱ्याला या संख्या स्वतः वाचता येतील, अशी सोय त्या श्रमाने झाली.

भेद आणि मर्यादा

सर्व परंपरांत ही चढण सारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्योतिष्करंडक या ग्रंथात ती छत्तीस पायऱ्यांची असून तेथील शीर्षप्रहेलिका २५० अंकांची होते: ७० अंक आणि १८० शून्ये. आचार्य मलयगिरींनी या भेदाचे कारण माथुरी आणि वालभी या दोन वाचनांत दाखवले आहे. दुष्काळानंतर श्रमणसंघ दोन ठिकाणी जमला, दोन्हीकडे स्मरणातील पाठ जुळवला गेला आणि काही ठिकाणी फरक राहिला. दिगंबर परंपरेतील तिलोयपण्णत्तीत चढण आणखी निराळी आहे व तिच्या अखेरीस अचलात्म हे नाव येते. येथे ताळ्याचे महत्त्व पुन्हा कळते. १९४ आणि २५० अंकांच्या दोन्ही संख्या आपापल्या पायऱ्यांशी चोख जुळतात. म्हणून हा फरक नकलेतील चुकीचा नसून मूळ पाठाचा आहे, असे खात्रीने म्हणता येते. आपल्या वहीशी दुसऱ्याची वही जुळली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. दोन्हींच्या मांडणीचा आधार आधी तपासावा लागतो.

अशा संख्या म्हणजे कल्पनेची अतिशयोक्ती, असे कोणी म्हणते. अतिशयोक्तीला मात्र शेवटचा अंक नसतो. शीर्षप्रहेलिकेला तो आहे; शून्यांच्या आधी ६, त्याच्या आधी ९, त्याच्या आधी २. गणिताने सांगता येणाऱ्या काळाची सीमा आगमांनी येथे आखली आणि पुढील काळासाठी पल्योपम व सागरोपम ही उपमेची मापे घेतली. मोजता येते तेथे आकडा द्यावा, जेथे येत नाही तेथे उपमा आहे असे स्पष्ट म्हणावे आणि संख्यात, असंख्यात व अनंत यांची सरमिसळ होऊ देऊ नये, हा विवेक त्यामागे आहे. शीर्षप्रहेलिका कितीही मोठी असली तरी ती संख्यातच राहते. तिच्यात एक मिळवता येतो, तिला निम्मे करता येते, तिची वाटणी करता येते.

मोबाइलवरील गणकयंत्राला हा गुणाकार दिला, तर पडद्यावर पहिले काही अंक आणि पुढे घाताची खूण एवढेच दिसते. मधले अंक यंत्र गिळून टाकते. पाठशाळेतील मुलांना ५४ अंकांची ही ओळ एकदा वहीत उतरवायला द्यावी. उतरवून झाली की तीन-तीन अंकांचे अठरा गट पाडून दोन बेरजा करायला सांगाव्यात. वजाबाकी ५८१ आली, तर त्या मुलाने पोथीलेखकाचे काम नीट केले असे समजावे. आली नाही, तर चूक नेमकी कोणत्या गटात आहे ते त्याने स्वतःच शोधावे.